दुरुस्तीच्या टेबलामागून

माझं मूळ काम नाटकाच्या कपडेपटातलं. ऐतिहासिक नाटकाचा दौरा निघाला की ट्रंका भरायच्या, प्रयोगाआधी अंगरख्यांना इस्त्री करायची, कमरपट्ट्यांचे हूक तपासायचे आणि दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात विंगेत उभ्या असलेल्या नटाची बाराबंदी बदलून द्यायची. पुढे दौरे कमी झाले, गुडघे बोलायला लागले आणि मी घराजवळच छोटं वर्कशॉप टाकलं. शाळांच्या गॅदरिंगचे कपडे, गणपतीतल्या देखाव्यांचे पोशाख, असली कामं यायची. अशात कॉलेजातली एक मुलगी मोबाईलवर एका जपानी कार्टूनमधल्या पोराचं चित्र घेऊन आली. हिरव्या-काळ्या चौकटींचा सैल कोट, कपाळावर व्रण, कमरेला तलवार. म्हणाली, "काकू, हुबेहूब असं हवंय. कॉमिक कॉनला घालायचंय."

हे कॉमिक कॉन काय असतं ते मला तिनंच समजावलं. कॉमिक्स, सिनेमे, जपानी ॲनिमे, व्हिडिओ गेम यांच्या चाहत्यांचा दोन-तीन दिवसांचा मेळा. मोठ्या हॉलमध्ये स्टॉल लागतात, चित्रकार स्वतःची पुस्तकं विकतात, मंचावर मुलाखती होतात आणि बरीच तरुण मंडळी आपल्या लाडक्या पात्राचा पोशाख करून येतात. त्या प्रकाराला कॉस्प्ले म्हणतात. अमेरिकेत सॅन डिएगोला १९७० साली एका हॉटेलात सुमारे तीनशे लोकांनिशी असा मेळा सुरू झाला, आता तिथे लाखाच्या वर माणूस लोटतं. आपल्याकडे फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटला पहिलं कॉमिक कॉन झालं आणि मग ते मुंबई, बंगळुरू, हैदराबादला पोचलं. मी पहिल्यांदा पाहिलं ते गोरेगावला, नेस्कोच्या हॉलमध्ये.

गेले होते गिऱ्हाइकाच्या कोटाचं शेवटचं फिटिंग करायला. खांद्याला कपडेपटाची जुनी पिशवी होती: सुई-दोरा, सेफ्टी पिना, टिचबटणं, वेल्क्रो, इलॅस्टिक, ग्लू गन. कोट नीट करत होते तेवढ्यात शेजारच्या पोराच्या बुटाचा तळवा निघाला. तो चिकटवला, तर एका मुलीच्या पाठीची चेन उसवली. संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर रांग लागली होती. पुढल्या वर्षी ओळखीच्या एका चित्रकारानं आपल्या स्टॉलचा कोपरा देऊ केला आणि तिथे मी रीतसर टेबल मांडलं. "उसवलं, तुटलं, निघालं की इथे या," अशी पाटी लावली. तेव्हापासून मुंबईत आणि अधूनमधून बाहेरही हे टेबल लागतं. लोक दुरुस्तीला उभे राहतात आणि उभ्या उभ्या बोलतात. का आले, काय आवडलं, कशानं डोकं फिरलं, सगळं सांगतात. शिंप्यासमोर माणूस हात वर करून उभा असतो, त्यामुळे असेल कदाचित, पण तो काही राखून ठेवत नाही.

धंद्याचं बोलायचं तर या कामानं मला नाटकातलं बरंच शिकलेलं बाजूला ठेवायला लावलं. नाटकाचा पोशाख पंधरा-वीस फुटांवरून बघायचा असतो. खोटी जर चालते, आतल्या बाजूची धावदोऱ्याची शिवण कुणाला दिसत नाही आणि प्रवेश संपला की कपडा खुंटीवर. इथे बघणारा हातभर अंतरावर येतो, मोबाईलवर शिवण मोठी करून बघतो. शिवाय तोच कपडा दिवसभर अंगावर राहतो, रिक्षात बसतो, वडापाव खातो. म्हणून माप घ्यायच्या आधी माझे तीन प्रश्न ठरलेले आहेत: यात बसता येईल का, पाणी पिता येईल का आणि बाथरूमला कसं जाणार? तिसऱ्या प्रश्नाला पोरं लाजतात. पण पायापासून मानेपर्यंत एकसंध चिलखत घालून आलेला तरुण दुपारी दोन वाजता रडवेल्या तोंडानं टेबलाशी येतो आणि कंबरेपाशी फोम कापून द्या म्हणतो, तेव्हा लाज कुठल्या कुठे गेलेली असते.

सामानही नवं शिकले. चिलखतं, शिरस्त्राणं, पंख हे सगळं ईव्हीए फोममधून होतं. चपलांच्या तळव्यांना असतो तोच हा फोम. परदेशी दुकानातून मागवायची गरज नाही. कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला करणाऱ्यांच्या गल्लीत त्याची शीट मिळते. सुरीनं कापायचा, हीट गननं तापवून वाक द्यायचा, रबर सोल्यूशननं जोडायचा आणि रंग द्यायच्या आधी वरून अस्तराचा थर मारायचा, नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो. कापड मंगलदास मार्केटला, लेस आणि खोटे दागिने भुलेश्वरला. अख्ख्या पोशाखात मुंबईच्या बाहेरचं असं बहुधा फक्त पात्र असतं.

आता लोकांना आवडतं काय? पहिली गोष्ट म्हणजे, ओळखलं जाणं. एक अबोल मुलगा होता. बँकेत नोकरी, घरात कुणाला त्याच्या कॉमिक्सचं काही पडलेलं नाही. दोन हात लांबीचे काळे पंख करून घेतले त्यानं. लोकलमध्ये ते घेऊन येताना दादरला शिव्या खाल्ल्या, एक पीस तुटलं. मी ते चिकटवत होते आणि मागून एक परका पोरगा ओरडला, त्या पात्राच्या नावानं. नुसतं नाव. हा वळला आणि दोघांनी अशी मिठी मारली की माझी ग्लू गन खाली पडली. दहा मिनिटं ते कुठल्याशा लढाईबद्दल बोलत होते. एकमेकांचं खरं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

वय झालेली माणसंही येतात. साठी ओलांडलेले एक गृहस्थ वर्कशॉपमध्ये आले, त्यांना वेताळ व्हायचं होतं. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झाली. जंगलात राहणारा, मुखवटा घालणारा वेताळ मराठीतूनही घरोघरी पोचला. या गृहस्थांनी लहानपणी ते अंक रद्दीवाल्याकडून घेऊन वाचलेले. अंगाला घट्ट बसणारा पोशाख या वयात शोभेल का, एवढीच त्यांना काळजी. मी पोटाशी आतून पट्टा दिला, मांडीला थोडी सैल शिवण ठेवली. कॉनमध्ये अर्ध्या पोरांना हा कोण ते ठाऊकच नव्हतं. पण ज्यांना ठाऊक होतं ते बाप लोक होते. आपल्या मुलांना ओढत आणून सांगत होते, बघ, हा आमचा. ते गृहस्थ कवटीची अंगठी दाखवत, पोझ देत दिवसभर उभे राहिले. निघताना म्हणाले, "घरी नातवाला वेताळ सांगून सांगून थकलो. आज त्यानंच दुसऱ्यांना वेताळ सांगितला."

दुसरी आवड करणाऱ्याला भेटण्याची. मागच्या रांगांत चित्रकार आपापली कॉमिक्स घेऊन बसलेले असतात. पहिल्या पानावर तुमच्या नावासकट चित्र काढून देतात. पुस्तकाच्या दुकानात हे होत नाही. ज्याला अनंत पै यांनी १९६७ ला सुरू केलेल्या अमर चित्र कथेमुळे चित्रं बघायची गोडी लागली, असा माणूस इथे येऊन कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या पोरानं स्वतः छापलेलं पुस्तक घेतो आणि पुढच्या वर्षी दुसरा भाग आला का विचारायला परत येतो. दुसऱ्या भागाची अशी विचारणा हीच त्या पोराची वर्षभराची कमाई. टोकियोतला कॉमिकेट हा प्रचंड मेळा तर अशाच स्वतः छापणाऱ्यांनी डिसेंबर १९७५ मध्ये सुरू केला. पहिल्या खेपेला ३२ गट होते आणि सुमारे सातशे माणसं आली होती.

तिसरी आवड मला उशिरा कळली. वेगळं दिसायची परवानगी. टक्कल पडलेला माणूस गुलाबी विग घालतो, मुलगी दाढी लावते, कुणी हसत नाही, हसलंच तर कौतुकानं. आपल्या रंगभूमीला हे नवं नाही. स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची भामिनी आणि रुक्मिणी बघायला लोकांनी रात्री जागवल्या, बायकांनी त्यांच्या साड्यांची नक्कल केली.

म्हणूनच पुढची गोष्ट मला झोंबते. एक सावळी, उंच मुलगी. जपानी पात्राचा पोशाख तिनं स्वतः शिवला होता, मी फक्त कॉलरला बक्रम घालून दिलं. शिवण इतकी सरळ की मी माझ्याकडे कामाला ये म्हणाले. तासाभरानं परत आली ती विग काढूनच. दोन मुलांनी तिला सांगितलं होतं की ते पात्र गोरं आहे, निदान पावडर तरी लावायची. एकानं तर तिची परीक्षा घेतली: पहिल्या भागात काय होतं, मासिकात आणि टीव्हीवर काय फरक आहे. तिला सगळं येत होतं. उत्तरं देऊनही तिला वाईट वाटायचं राहिलं नाही. जाड मुलांची, सावळ्या मुलींची आणि नवख्यांची "खरे चाहते" अशी परीक्षा वारंवार घेतात. पुरुषाची रुक्मिणी डोक्यावर घेणाऱ्या गावात सावळी जपानी मुलगी का चालू नये?

नावडीच्या यादीत मुली सगळ्यात वर जे ठेवतात ते मात्र याहून वाईट आहे. न विचारता फोटो. मागून, खालून, वाकलेली असताना. फोटोच्या निमित्तानं कमरेला हात. माझ्याकडे दुरुस्तीच्या बहाण्यानं किती मुली येऊन नुसत्या उभ्या राहतात! "काकू, पाच मिनिटं इथे थांबू? तो माणूस गेला की जाते." मी टेबलाखाली दोन जुन्या ओढण्या आणि एक जाकीट कायम ठेवते ते यासाठी. न्यू यॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली दारातच मोठ्या पाट्या लागल्या की पोशाख केला म्हणजे संमती दिली असा अर्थ होत नाही. आता आपल्याकडेही सूचना वाचल्या जातात. पण सूचना लाऊडस्पीकरवर होते आणि हात गर्दीत चालतो. मी पाहिलेला एकच उपाय खरा चालतो: बिल्ला लावलेला माणूस सतत फिरता हवा, आणि तक्रार केल्यावर त्यानं मुलीला "जाऊ दे ना" म्हणता कामा नये.

बाकीच्या तक्रारी साध्या आहेत, पण त्यांचं ओझं मोठं. रांग: दारात तपासणीची, आत सहीची, खायची, बाथरूमची. एका शहरात एक शाळकरी मुलगा वडिलांसोबत सकाळपासून एका परदेशी नटाच्या सहीसाठी उभा होता. पैसे वेगळे भरलेले. त्याच्या ढालीचा पट्टा मी दोनदा बदलला. पाळी आली तेव्हा नटानं मान वर न करता सही केली आणि संयोजकांच्या माणसानं खांद्याला धरून पोराला पुढे सरकवलं. वडील माझ्याशी चिडून बोलले, पोरगा काहीच बोलला नाही. उलट त्याच दिवशी मागच्या रांगेतल्या एका चित्रकारानं त्याच ढालीवर मार्करनं छोटा सिंह काढून दिला, फुकट. पोरगा घरी जाताना ढाल सिंहाच्या बाजूनं धरून गेला.

मग खाणं. बाहेरचं आत नेऊ देत नाहीत आणि आतलं परवडत नाही. बसायला खुर्च्या नाहीत, म्हणून लोक भिंतीच्या कडेनं जमिनीवर बसतात आणि त्यांच्या झग्यांवर दुसरे पाय देतात. माझं अर्धं काम या पाय दिलेल्या झग्यांचं. मोबाईलचं नेटवर्क मरतं, हरवलेली मंडळी एकमेकांना शोधत फिरतात. आणि आवाज! प्रत्येक स्टॉलला स्वतःचा स्पीकर. एकदा एक आई सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्यानं दोन्ही कानांवर हात दाबलेले, डोळे मिटलेले. त्याला स्पायडरमॅन जीव की प्राण, पण हा गोंगाट त्याच्यानं सोसवेना. मी टेबलाची चादर उचलली आणि तो आत जाऊन बसला. फोमचे उरलेले तुकडे दिले, ते रंगावरून लावत अर्धा तास बसला. मग हात धरून बाहेर आला आणि एका स्पायडरमॅनशी हस्तांदोलन करून घरी गेला. परदेशी काही मेळ्यांत यासाठी शांत खोली राखून ठेवतात. टेबलाखालची जागा ही काही व्यवस्था नव्हे.

जुने चाहते आणखी एक गाऱ्हाणं सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पुढची मोक्याची जागा मोबाईल, गाड्या आणि चिप्सवाल्यांना, कॉमिक्स मागे. जोरात गाणी लावून टोप्या वाटणाऱ्या स्टॉलपाशी गर्दी, आणि ज्यांच्यासाठी हा मेळा सुरू झाला ते चित्रकार बाथरूमच्या वाटेवर. जागेचं भाडं कुठून तरी भरून काढावं लागतं हे मला धंदा करणारी म्हणून कळतं. पण मेळ्यातून चित्रकार वजा केला तर मॉल उरतो, आणि मॉलला कुणी पंख लावून जात नाही.

आई-बापांविषयीही बोललं पाहिजे, कारण बिल बहुतेक वेळा तेच देतात. मजुरी धरली तर फोमच्या पूर्ण चिलखताचा खर्च पाच आकड्यांत जातो, आणि "एवढ्यात सोन्याची अंगठी झाली असती" हे वाक्य ऐकून ऐकून मला पाठ झालं आहे. एका वडिलांनी माझ्यासमोर मुलाला "हे नाटकी धंदे" म्हटलं होतं. कॉनच्या दिवशी तेच शिरस्त्राण हातात घेऊन पोराच्या मागे मागे फिरत होते, कारण पोराला दोन्ही हात मोकळे हवे होते. लोक थांबून विचारायचे, हे कुणी केलं? वडील म्हणायचे, "आम्ही घरीच केलं." खरं म्हणजे ते माझ्या वर्कशॉपमध्ये झालं होतं, पण मी गप्प बसले. पुढच्या वर्षी ते स्वतः सुरी घेऊन फोम कापायला शिकायला आले.

कुणी केलं हा प्रश्न मला आवडतो, कारण आमच्या धंद्यात तो सहसा विचारला जात नाही. १९३९ साली न्यू यॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथे फॉरेस्ट ॲकरमन नावाचा तरुण भविष्यकाळातल्या माणसाचा पोशाख करून गेला आणि आजही कॉस्प्लेचा इतिहास सांगताना त्याचं नाव आधी घेतात. तो पोशाख शिवला होता मर्टल डग्लस या बाईनं. स्वतःचाही तिनंच शिवला आणि ती त्याच संमेलनात तो घालून हजर होती. हे कळल्यापासून मी माझ्या प्रत्येक पोशाखाच्या आत, अस्तराला, वर्कशॉपचं नाव शिवते. आणि जे स्वतः शिवतात त्यांनाही त्यांचं नाव शिवायला लावते.

मेळा संपल्यावरचे दिवस वेगळेच. घसा बसतो, निम्मी मंडळी सर्दी-तापानं आडवी होतात, कारण बंद हॉलमध्ये हजारो माणसं एकाच हवेत श्वास घेत असतात. त्याहून जास्त जण मनानं उतरतात. सोमवारी ऑफिसात कुणी त्यांना पात्राच्या नावानं हाक मारत नाही. मंगळवारी मला फोन येतात, कपडा धुवायचा कसा हे विचारायला. धुण्याचं दोन मिनिटांत संपतं, उरलेला वेळ कॉनच्या गप्पा. जे दर वर्षी टिकतात त्यांनी एक साधी गोष्ट केलेली दिसते. मेळ्यात भेटलेल्या चार जणांशी वर्षभर संबंध ठेवला, एकमेकांच्या घरी बसून फोम कापला, विग विंचरले. ज्यांनी फक्त फोटो जमवले ते दोन-तीन वर्षांत यायचे थांबले.

एवढ्या वर्षांत माझं मत पक्कं झालं आहे. लोकांना आवडतं ते कुणीतरी त्यांच्याकडे नीट बघणं: त्यांच्या शिवणीकडे, त्यांच्या वेडाकडे, त्यांच्या पुस्तकाकडे. आणि जिथे त्यांना नुसती गर्दी म्हणून, तिकीट म्हणून किंवा फोटोतलं अंग म्हणून बघितलं जातं, तिथे ते चिडतात. यातलं बरंचसं थोड्या खर्चात सुधारता येतं. टोकियोच्या कॉमिकेटमध्ये घरून पोशाख घालून येऊ देत नाहीत. तिथे कपडे बदलायच्या खोल्या असतात आणि फोटोसाठी जागा ठरवून दिलेली असते. आपल्याकडे मुली अजून बाथरूमच्या ओल्या फरशीवर झगा वर धरून उभ्या राहतात.

संयोजकांकडे माझं मागणं असं: आरसे आणि खुंट्या असलेली कपडे बदलायची खोली, भरपूर खुर्च्या, पिण्याचं फुकट पाणी, एक शांत खोली आणि चित्रकारांना पुढच्या रांगा. जाणाऱ्यांना सांगणं असं: फोटो काढायच्या आधी विचारा, "नाही" ऐकलं की पुढे व्हा, कुणाची परीक्षा घेऊ नका आणि निदान एक पुस्तक ज्यानं काढलं त्याच्याच हातून विकत घ्या. पोशाख घालून जाणार असाल तर बाथरूमचा विचार आधी करा. सेफ्टी पिना नाही नेल्या तरी चालेल, त्या माझ्याकडे आहेत.